आठवी काडी

बडोद्याच्या लाकूडबाजारात सगळं मागून पाहिलं.
जशुभाईनं साग दिला, तेलकट, गुळगुळीत;
तिसऱ्याच नेमाला खाचेपाशी चिरफळला.
शिसव जड, सुटतानाच दमलेलं,
लक्ष्याच्या पायाशी लोळण.
देवदार खोक्याच्या फळीचा. वास छान,
पण मधोमध गाठ,
आणि गाठ कुणाचं ऐकत नाही.

मग शनिवारचा हाट उरकून
छोटा उदेपूरहून कुंदन राठवा आला.
तोललं नाही, मोजलं नाही.
एकेक काडी डोळ्याशी धरली,
शेगडीवर फिरवून अंगठ्यानं रेटली.
"थोडी लवू द्या," म्हणाला,
"धनुष्याला वळसा घालून जायचंय हिला."

बोरू होता तो.
नदीकाठचा, पोकळ, पेराशी जांभळट.

आमच्या पणज्यांनी संस्थानच्या फडात
चाळीस वर्षं ह्याचंच टोक छाटलं,
मोडीत सारावसुलीचे आकडे ओढले.
कुणाकुणाला लागले असतील,
घरात कधी विचारलं नाही कुणी.

टिचकी मारून, कानाशी धरून
मी सात काड्या निवडल्या.
आठवी वाकडी निघाली.
कुंदन ती शेगडीत टाकणार होता.
मी मागून घेतली.