हातपंप : पूर्वेला

हुद्दार सरांनी कोशाचे नियम फोनवरच सांगितले.
विशेषण नको. 'निसर्गरम्य' दिसलं की कागद परत.
गाड्यांच्या वेळा नकोत, त्या बदलतात.
जो माणूस पहिल्यांदाच उतरणार आहे,
रात्रीचा, सामान घेऊन,
त्याला काय लागेल तेवढं लिहा.

मी तोरळहोंड मागून घेतलं.
खानापूरच्या पुढे, लोंढ्याच्या अलीकडे,
जिथं एक्स्प्रेस नुसती शिट्टी देते
आणि पॅसेंजर क्रॉसिंगला अडकली
तर लोक उतरून काजूच्या सावलीत डबे उघडतात.
(ही ओळ सरांनी खोडली. बरोबरच खोडली.)

मग लिहिलं :
फलाट एक. डब्याच्या शेवटच्या पायरीपासून
जमीन गुडघाभर खाली.
वयस्कर माणसाने आधी पिशवी सोडावी, मग पाय.
छप्पर दहा माणसांपुरतं, तेही दाटीवाटीनं.
तिकिटाला सुटे पैसे लागतात.
गाव सव्वा किलोमीटर. वाटेत ओढ्यावर फरशी;
फरशीवर पाणी असेल तर गेटाकडून वळसा घालावा.
पिण्याचं पाणी : हातपंप, रुळांच्या पूर्वेला.

स्थापनेच्या वर्षाला आधार काय, सरांनी विचारलं.
आप्पा सांगायचे, मी म्हणाले.
आप्पा तिथंच पॉइंट्समन होते, पंचवीस वर्षं,
हिरवा-तांबडा कंदील त्यांच्या हातचा.
सर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले,
आप्पा हा आधार धरता येत नाही हो.
ती जागा कोरी ठेवली.

नावाशी अडले ते वेगळंच.
पिवळ्या पाटीवर तीन लिप्या.
कन्नडात शेवट 'होंड',
हिंदीत 'होंडा', मोटारसायकल असल्यासारखा,
इंग्रजीतला उच्चारून बघितला तर घसा खरवडतो.
आमच्या घरी तोरळोंड, ह गिळून.
फलाटावर भज्यांची कढई घेऊन बसणारी कल्लव्वा म्हणाली,
"नाव कशाला लिहूलालीस गे?
उतरणाऱ्याला ठाव असतंय.
न उतरणाऱ्याला काय करायचंय?"
मी चारही लिहिली.
आधी कुठलं, मग कुठलं, यात रात्र गेली.

कोश छापून आला. माझी नोंद अर्धा रकाना.
चार महिन्यांनी पोस्टकार्ड :
दस्तगीर किल्लेदार, गेटमन, तोरळहोंड.
'बाईसाहेब, नोंद उपयोगाची आहे.
पण पंप पश्चिमेला आहे.
एक बाई तान्हं घेऊन पूर्वेला शोधत फिरली.
शेवटी माझ्या घरातलं पाणी दिलं.'

मी चिडले. त्या दांड्याला मी लोंबकळलेय.
गाडी गेली की कळशीत कोळशाची पूड पडायची.
सकाळी पंपामागून ऊन यायचं, थेट डोळ्यांत.
खरं सांगायचं तर नोंद लिहिताना
फलाट पावलांनी मोजला, पायरी टेपनं मोजली,
पंप तेवढा बघायला गेले नाही.
तो मला पाठ होता.

परत गेले. पंप होता तिथंच होता,
तोच दगडी कट्टा, कट्ट्यावर माझा ख उलटा कोरलेला.
दस्तगीरमामांनी बुटाच्या टोकानं गवत बाजूला केलं.
खाली जुनी खडी, मीटरगेजची.
मोठी लाइन टाकताना वळण काढलं, म्हणाले,
रूळ पंपाच्या पलीकडून नेले.
पंप काही हलला नाही. बाजू बदलली त्याची.
कढईतनं झारा न काढता कल्लव्वा म्हणाली,
"आमचा म्हाताराबी तसाच की.
एका जाग्यावर बसून तीन सरकारं बघितली त्यानं."

शुद्धिपत्र :
'पूर्वेला' याऐवजी 'पश्चिमेला' असे वाचावे. पाणी गोड.
सरांनी 'गोड' ठेवलं.
हे विशेषण नाही, म्हणाले, माहिती आहे.
मग धीर करून मी आणखी एक ओळ घातली :
पहिले सात-आठ हापसे कोरडे जातात.