सहावी रेघ

उत्प्लावक बलाची व्याख्या
एकोणीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले.
मुलं उतरवून घ्यायची.
शेवटच्या बाकावरचा सगुण तर
फळा पुसल्यावरही लिहीत राहायचा;
काय, ते मी कधी पाहिलं नाही.

यंदा खडू संपले होते, एवढंच.
पेडण्याहून येईपर्यंत करायचं काय,
म्हणून म्हटलं, शहाळ्याच्या नळ्या आणा कोणीतरी.
मिंगेलच्या आईचा गाडा मोरजीच्या वाटेवर,
त्यानं मूठभर आणल्या.
सगुणनं काकाच्या जाळ्याचं शिसं काढलं
(काका दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन गेला).
बूच म्हणून मेण,
वीज जाते तेव्हासाठी ठेवलेल्या मेणबत्तीचं.

पहिली नळी सरळ तळाला गेली.
दुसरी आडवी झाली, आणि अख्खा वर्ग आडवा झाला हसून.
तिसरी
विहिरीच्या पाण्यात उभी राहिली,
गळ्यापर्यंत बुडून, किंचित डुलत,
नवऱ्या मुलासारखी.
पाणी टेकलं तिथं बॉलपेननं रेघ.
मग प्रज्योतीनं बादलीत मीठ टाकलं,
घरचं, बापानं ओढलेलं, जाड.
नळी वर आली.
कोणी ढकललं नव्हतं.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काही केलं.

टाकत राहिली ती. ढवळत राहिली.
एका मुठीनंतर मीठ विरघळेना,
तळाशी जाऊन बसलं हट्टानं.
"बाई, पाणी आता नाही म्हणतंय."
तिथं तिनं सहावी रेघ मारली
आणि नळी दप्तरात घातली.

आगरवाड्याच्या बांधावरून
ती रोज शाळा सुटल्यावर आगरात जाऊ लागली.
खाडीचं भरतीचं पाणी: दुसरी रेघ.
पहिल्या कोंडीत तिसरी, पुढच्यात चौथीच्या जरा अलीकडे.
शेवटच्या कोंडीतलं पाणी रोज
काडीपेटीच्या काडीएवढं सहावीकडे सरकायचं.
चौकटीच्या कागदावर ठिपके,
ठिपक्यांवर पट्टी ठेवून
तिनं बापाला सांगितलं, गुरुवारी मीठ धरेल.

बाबुसोनं चप्पल काढली.
पाण्यात पाऊल ठेवलं, बोटं हलवली,
आभाळाकडे पाहिलं.
"शनवार," म्हणाला. "अजून दोन दीस रव."

सगळी आठवी गुरुवारी बांधावर.
पाणी पाण्यासारखंच.
बाबुसो फाळं टेकून उभा, हसू मिशीत दाबून.
शुक्रवारी सकाळी मात्र
कोंडीवर साय आली, पांढरी, कुरकुरीत,
दोघांनाही न विचारता.

मला वाटलं, पोर खट्टू होईल.
ती धावत आली, श्वास न घेता म्हणाली,
"बाई, शुक्रवारच का?"
एकोणीस वर्षांत
प्रश्न मी विचारायचे.
बुधवारी ढग होते, मिंगेल म्हणाला.
रात्री वारा पडला होता, म्हणाला सगुण.
त्या दुपारी वहीत आणखी दोन रकाने आखले गेले,
वाकडे,
आणि पट्टी टेकवून सरळ रेघ ओढायची
तिनं सोडून दिलं.

तालुक्याच्या प्रदर्शनात आम्हाला काही मिळालं नाही.
परीक्षकांनी विचारलं, "मॉडेल कुठाय?"
प्रज्योतीनं नळी दाखवली.
त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं,
मग पुढे गेले, ज्वालामुखीकडे.

परतताना बसमध्ये सगुणची वही माझ्या मांडीवर पडली.
पानापानांवर होड्या, फेरीबोटी, रेतीचे पडाव,
एक रिकामा, एक भरलेला,
आणि प्रत्येकाच्या पोटावर
नीट, काळजीनं ओढलेली
पाण्याची रेघ.
पाचवीपासूनची वही.
मी ती मिटून त्याला परत दिली.
काही बोलता आलं नाही.

शिगमो झाल्यावर बाबुसो शाळेच्या दाराशी आला,
पायाला सुकलेलं मीठ, आत येईना.
खिशातून चिरलेली नळी काढली,
उन्हानं मेण वितळलेली.
"चेडवाची नव्हे," म्हणाला, "म्हजी.
बाई, दुसरी केवढ्याक पडटा?"