मोजणी

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी कोऱ्या नोटांतले दोष शोधले.
शाई फुटली, धागा सरकला, आकडा तिरपा बसला
की लाल खूण, आणि कागद बाजूला.
भोंगा झाला तरी डोळे ऐकायचे नाहीत,
माझ्यामागून घरी यायचे,
फिलोमिनाच्या पोळीवरचा करपट ठिपका शोधायचे,
रविवारी मिस्सेत
फादरांच्या प्रवचनातली घसरलेली विभक्ती.

आता निवृत्त. आता सॅक्रिस्टीत
मांजरपाटाच्या पिशवीतून रविवारचं दान ओततो.
दहाच्या नोटा, घामट, चौघडी,
एक हळदीची, एक विडीएवढी वळलेली,
एकीत लसणाचं साल.
दोघांनी मोजायचं, तिसऱ्याने लिहायचं,
हा आमच्या धर्मग्रामाचा नियम.
तो माझ्यामुळे झाला.

बावीस वर्षांपूर्वी दफनभूमीच्या कुंपणाच्या पैशांत
अठराशे चाळीस कमी आले.
तेव्हा एलिया त्रिभुवन एकटाच मोजायचा.
मी काही बोललो नाही. वहीत फक्त
त्याच्या सहीशेजारी लाल खूण केली.
पुढच्या रविवारपासून एलिया
शेवटच्या बाकावर बसू लागला, चपलांशेजारी.
चार महिन्यांनी तारवाल्याची पावती सापडली,
मिस्सापुस्तकात, मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या पानात.
मी ती वहीत चिकटवली.
खूण तशीच.
लाल शाई खोडता येत नाही,
असं मीच मला सांगितलं.

उपवासकाळ लागला की सिस्टर जसिंता कागद फिरवते,
कुणी कुणाच्या घरी, कोणत्या वारी.
माझा मंगळवार. जेलरोड, दसकच्या अलीकडे,
एलिया त्रिभुवन, पक्षाघात.
“नखं वाढलीत हो, केझियाला एकटीला आवरत नाही.”
दुसरं घर मागता आलं असतं.
मी चष्मा पुसत राहिलो.

उजवी बाजू गेलेली. वाचाही गेलेली,
एकच शब्द मागे विसरून:
बरोबर.
पाणी हवं? बरोबर.
नको? बरोबर.
केझिया म्हणाली, “काका, डोळे बघायचे.
शब्द सगळ्याला तोच.”

परातीत कोमट पाणी घेतलं.
पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात,
घरूनच साबण लावून आलेले.
हे पाय तसे नव्हते.
भेगांत काळं, नखं शिंपल्यासारखी पिवळी,
करंगळीचं तर आतच वळलेलं.
माझे दोष शोधणारे डोळे
आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कामी आले.
रक्त येऊ दिलं नाही.

मग प्रभूची प्रार्थना.
क्षमेच्या ओळीशी आवाज बसला.
खाकरलो, पुन्हा पहिल्यापासून,
पुन्हा तिथेच.
शेवटी प्रार्थना सोडून साधंच म्हणालो,
एलिया, ती खूण मी चुकीची केली होती.

“बरोबर.”

मी डोळे बघितले.
केझिया चहा घेऊन आली, चहावर साय धरली,
तरी बघत होतो.
प्रेसमधल्या कुठल्याच नोटेला
इतका वेळ लागला नव्हता.

आता दर मंगळवारी जातो.
द्राक्षं नेतो, त्याला गिळवत नाहीत,
केझिया रस काढते, अर्धा हनुवटीवरून ओघळतो,
मी पुसतो. एवढंच.
प्रार्थना अजून त्याच ओळीशी लंगडते.

परवाच्या दानात एक नोट आली,
दोन तुकडे, मधून चिकटपट्टी,
दोन्हीकडचे नंबर वेगळे.
बोटांनी जुन्या सवयीने ती बाजूला काढली.
थोड्या वेळाने मी ती गड्डीत सरकवली,
आणि खिशातली एक दहाची वर ठेवली.
लिहिणाऱ्या पोराने विचारलं,
“अंकल, हिशेब बरोबर?”

उत्तर द्यायला
मला जरा वेळ लागला.