हाताने घेतलेली वेळ

धूर बघायचा, आवाज ऐकायचा नाही.
आवाज उशिरा पोचतो.
बत्तीस वर्षं नव्या मास्तरणींना हेच सांगत आलेय मी:
पिस्तुलाच्या तोंडाशी धूर दिसला
की अंगठा दाबायचा.

ग्वाल्हेर, एप्रिल. आठ वाजताच
किल्ल्याचा दगड तापायला लागलेला.
माझ्या पर्समध्ये चष्मा, शिट्टी आणि एक कांदा,
लू लागू नये म्हणून.

मुलींची चारशे मीटर. पहिल्या तिघी भोपाळला जाणार.
तिसरी, मैना कुशवाह: साठ पूर्णांक एक.
चौथी, पुष्पलता माहौर: साठ पूर्णांक चार.
घड्याळ माझं. अंगठाही माझाच.

आणि मग आवाज आला.
मांडवाखालून, पाण्याच्या पिंपाजवळून,
ज्यांच्या मुली या शर्यतीत नव्हत्याच
त्यांचा सगळ्यात मोठा.

पुष्पलता मेंदीच्या कुंपणाशी बसून
बुटातला कापूस काढत होती. भावाचे बूट.
रडली नाही. मला म्हणाली,
"मैडम, और कितना दौड़ूँ?"
याचं उत्तर मला मराठीतही येत नाही.

मैना टाकीमागे उभी. कपडेही तिथेच बदलते ती,
दोन्ही खोल्यांच्या दारांपासून सारख्याच अंतरावर.
प्लास्टिकच्या पिशवीतून तिने कागद काढले,
दोन वर्षांचे, रक्ताचे, तारीखवार.
गोळ्या सुरू झाल्यापासून पाच सेकंद मागे आलेय बाई, म्हणाली,
कर्ज फेडल्याच्या पावत्या दाखवाव्यात तशी.

वळणाच्या शर्यतीत बाहेरच्या लेनला पुढे उभं करतात.
नवखा माणूस ओरडतो, अहो, ही तर आधीच पुढे!
त्याला समजवावं लागतं:
बाहेरचं वळण लांब असतं,
म्हणून दुसरीला सात मीटर चार सेंटिमीटर,
पुढचीला आणखी. टेप लावून बघ.
तो बघतो, आणि गप्प बसतो.

पण जन्माने दिलेल्या हाडांना किती मीटर?
आणि शाळेच्या दारातून तीनदा परत पाठवलेल्या पायांना?
चुन्याची पिशवी घेऊन मी उभी आहे.
रेघ कुठे ओढू?

मलाही एकदा पडद्याआड नेलं होतं.
पतियाळा, ब्याऐंशी साल.
माझ्या ओठावरची लव आणि माझा गोळा
कुणाला तरी जरा जास्तच वाटला होता.
डॉक्टरीणबाईंचे हात गार होते.
बाहेर आले ती कार्ड घेऊन: ही स्त्री आहे. खाली शिक्का.
आईने विचारलं, काय मिळालं गं?
म्हटलं, प्रमाणपत्र.
तिने ते देवापाशी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं.

त्या कार्डामुळे मी मैनाच्या बाजूची झाले
असं म्हणता आलं असतं तर बरं होतं.
पण त्या दिवशी मी तिसरी आले होते,
आणि चौथीने मांडीवर मूठ कशी आपटली
ते मला अजून दिसतं.

दुपारी समितीचा कागद आला.
शितोळेबाई, तुम्ही सगळ्यात जवळ होतात,
अभिप्राय लिहा.
जागा दोन ओळींची.
पंख्याखाली तिघे पुरुष माझ्या पेनाकडे बघत बसले.

मी लिहिलं:
वेळ हाताने घेतलेली आहे.
अंगठ्याचा उशीर जमेस धरावा.
सही केली.
त्यांना ती टाळाटाळ वाटली. असेलही.

संध्याकाळी कंपूच्या टेम्पोत
दोघी समोरासमोर बसलेल्या दिसल्या.
गुडघ्याला गुडघा लागत होता, जागाच नव्हती.
मैनाच्या हातात स्पाइकचे खिळे काढायची किल्ली,
सकाळी पुष्पलतानेच दिलेली.
परत करायची राहिली होती.
ती पुढे करावी की नको, या विचारात
ती किल्ली मुठीत फिरत होती,
आणि टेम्पो सुटला.