दोन शेकड्याले वीस कमी

इतवारीत, धकात्यांच्या कारखान्यात
माय बर्फीचे खोके घडवते, शेकड्याच्या भावाने.
सपाट पुठ्ठा, चरे पाडलेला.
अंगठ्याने एक दाब, कान आत, जीभ खाचेत.
डिंक नाही, टाचणी नाही.
ती खाली बघतसुद्धा नाही.

मी अमरावती रोडवर, थंड खोलीत.
बाहेर सत्तेचाळीस, डांबर चपलेला धरून ठेवतंय,
आणि मी पडद्यावर फिरवतेय
संत्र्याच्या नाही, चवळीच्या एका रोगट पानातला
विषाणू.

एकच प्रथिन. एकशे ऐंशी वेळा तेच.
वीस ठिकाणी सहा-सहा जणांचं कडं,
ते फरशीसारखं सपाट बसू पाहतं.
बारा ठिकाणी मात्र पाचच.
तिथे एक जण कमी पडतो आणि फरशी उचलते,
वाकते,
वाकत वाकत मिटते.

मायला सांगितलं तर म्हणाली,
"त्यात काय? एक पाकळी काप, पुठ्ठा उभा होतेच."
मग बोटांवर हिशेब:
"एकशेऐंशी म्हंजे दोन शेकड्याले वीस कमी.
पैसे कटतीन त्याचे."

तिथं मुकादम नाही, माय.
प्रत्येक प्रथिनाला आतल्या बाजूला एक लोंबता हात असतो,
धन भाराचा.
आणि आरएनएचा धागा सगळा ऋण,
स्वतःपासूनच लांब पळणारा.
हात लागला की तो निवतो.
कुठे कुठे धागा स्वतःवरच दुमडून
आकड्यासारखा उभा राहतो,
हात नेमका तिथेच पकडतो.
आधी खोका, मग बर्फी, असं नाहीच तिथं.
बर्फीच पुठ्ठ्याला घडी घालायला लावते.

"असं कसं?"
पहिल्यांदा तिचा अंगठा थांबला.

प्रज्योत मेश्रामने हजारो कणांच्या प्रतिमा
साठ-साठ बाजूंनी फिरवून एकावर एक रचल्या,
सरासरी काढली.
खोका लख्ख आला, चऱ्यांसकट.
आतला धागा मात्र धुकं.
तो साठ बाजूंनी सारखा नाही ना.
त्याला सुरुवात आहे, शेवट आहे,
इथे जे लिहिलंय ते तिथे नाही.
सरासरीत तोच पुसला जातो.
आणि ते हात, ज्यांनी त्याला धरलंय,
तेही नकाशात येत नाहीत,
कारण एका जागी थांबत नाहीत.

"मंग तुमी इतके दिवस खोकेच पाहून राह्यले?"

मी काही बोलले नाही.
तिच्या शेजारी बसून दोन खोके घडवले.
एकाची जीभ फाटली.
मालकाची नजर चुकवून तिने तो ओढून घेतला,
डब्यातली मिठाची पुडी त्यात टाकली,
झाकण लावलं,
आणि पुढचा पुठ्ठा उचलला.