शेवाळाचं सार

बोगमाळ्याला आमच्या वर राहते ओक-सुन.
नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
आज चपला दाराबाहेर काढून
दोन्ही हातांनी तिनं वाडगा पुढे केला:
काळपट हिरवं, सुळसुळीत, वाफाळतं.

"वाढदिवस," म्हणाली.
"कोणाचा गो?"
"माझा. पण हे आईचं.
मी झाले, तेव्हा महिनाभर ती हेच प्यायली."

खारं. ओळखीचं काहीतरी.
खडपावर पाय घसरतो म्हणून
जन्मभर ज्याला शिव्या घातल्या,
त्याचंच कुणीतरी सोयरं.

वाडगा रिकामा कसा परत करायचा?
मिसकुटाच्या दोन फोडी घातल्या.
तोही तिनं दोन्ही हातांनीच घेतला.

उद्या माझी साठी. नातवंडं केक म्हणतायत.
मी मेथ्या भिजत घातल्यात.
आई तेव्हा मेथीची पेजच प्यायली असणार.
विचारायचं राहिलं.