भट्टीत वाकून

कुताइसीत, रिओनी नदीच्या अलीकडच्या गल्लीत
बादरी पहाटे तीनला कमरेपासून दुमडतो
आणि रांजणासारख्या मातीच्या भट्टीत
डोकं, खांदे, दोन्ही हात घालून
होडीच्या आकाराची रोटी आतल्या भिंतीला थापतो.
क्षणभर बाहेर नुसते पाय उरतात.
मी त्याला ओळखते ते या पायांवरून.
सव्वीस वर्षं त्याच्या रांगेत उभी आहे.

आज तो माझ्या रांगेत.
दवाखान्याच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर,
पिठाचा वास तसाच.
मी लिहून घेते. वय अठ्ठावन्न. कुठं दुखतं?
तो बोट दाखवत नाही, अख्खा तळवा ठेवतो
बरगड्यांच्या खाली, मधोमध,
कणीक फुगली का बघावं तसा.
कधी? मध्यरात्रीनंतर, पोट रिकामं असलं की.
रोटीचा कडक कोपरा चावला तर निवतं,
तासाभरानं पुन्हा तोच निखारा.
वजन? पट्ट्याला दोन नवी भोकं.
शौचाचा रंग?
इथं मात्र तो खिडकीबाहेर बघतो.
डांबरासारखा, म्हणतो. महिना झाला.
तुतीचे दिवस होते, मला वाटलं तुतीनं.
नखं पांढरीफटक. जिना चढताना धाप.

बायको, त्सियाला, दारातूनच निकाल देते:
मिरचीचा ठेचा! सांगून थकले मी.
आणि पोरगा पोलंडला गेला, त्याचा घोर.
डॉक्टर नानुली चष्मा पुसतात.
तिखटानं झोंबतं, घोरानं झोप उडते,
पण असं भोक पाडणारे बहुतेकदा वेगळेच असतात.
कमरेसाठी काय घेता?
बादरी खिशातून चुरगळलेलं पाकीट काढतो.
पिवळ्या गोळ्या. दिवसाला तीन, कधी चार,
अनशापोटी,
अकरा वर्षं.
कर्ज कमरेनं काढलं,
फेडत राहिलं पोट.

मग नळी, तिच्या टोकाला दिवा.
मी त्याचं डोकं डाव्या कुशीवर धरून ठेवते,
नाकानं श्वास घ्या, लाळ गळू द्या,
आणि पडद्यावर आम्ही दोघी वाकतो
त्याच्या भट्टीत.
गुलाबी, ओली, लकाकणारी भिंत.
घड्या, घड्यांमागं घड्या.
आणि वळणावर, पुढच्या दाराच्या जरा अलीकडे,
रोटी ओढताना मातीचा पोपडाही निघून यावा
तसा खड्डा. तळ पिवळट, काठ सुजलेले.
अन्नासाठी ठेवलेली आग
अस्तर फाटलं तिथं घर जाळत होती.

डॉक्टर काठावरून चिमट्यानं कण उचलतात, एकेक करून सहा.
पोटाला चिमटा घेऊन पोर शिकवलेल्या माणसाला
हा चिमटा कळतही नाही.
बाटलीवरचं नाव माझ्या अक्षरात.
आत दोन प्रश्न तरंगतायत.
एक तो, ज्याचं नाव त्सियाला घेऊ देत नाही.
दुसरा बारीक, मळसूत्रासारख्या पिळाचा जंतू,
जो आम्लातही स्वतःभोवती
अमोनियाचा ढग ओढून बसतो,
बहुधा लहानपणीच आलेला,
कुणाच्या तरी उष्ट्या घोटातून, न विचारता.

आठवड्यानं कागद आला. मी वाचला.

पहाट. माझ्यापुढे चार माणसं.
बादरी वाकतो, पाय उरतात, वर येतो,
मला पाहतो. हातातली लोखंडी आकडी थांबते.
हे सांगायचं काम माझं नाही.
चौदा दिवसांच्या गोळ्या, दोन महिन्यांनी पुन्हा नळी,
आणि जे निघालं नाही ते,
सगळं डॉक्टरांच्या तोंडून यायला हवं.
मी पोटात ठेवते.
पैसे मोजते. रोटी छातीशी धरते, चटका बसतो.
उद्या दहाला या, म्हणते.
दोन पावलं जाते. राहवत नाही. वळते.
उपाशी यायची गरज नाही.

रांगेतला एक म्हातारा विचारतो,
काय म्हणाली ती?